वरून दुसरा कप्पा

सातपूर कॉलनीत, पिठाच्या गिरणीला लागून
निंबा खैरनारची व्हिडिओ लायब्ररी होती.
कॅसेटवर पीठ बसायचं.
मी दहावी नापास, पुसायला ठेवलेला.

वरून दुसरा कप्पा भयपटांचा.
त्यांच्या पाठीवर लाल टिकली लावायची.
पाकीट काकूंचं, काकूंना न विचारता.

नियम खैरनारकाकांचे:
भूत असेल तर टिकली.
नुसता खून असेल तर नाही, तो रहस्यपट.
खूनही आहे, भूतही आहे, तर आधी कोण येतं ते बघ.
शेवटी भूत म्हणजे मामाच निघाला, इस्टेटीसाठी,
तर टिकली काढ, गिऱ्हाईक शिव्या घालतं.
आणि बिबट्या असेल तर?
बिबट्या काय, काका म्हणाले,
गंगापूर धरणाखाली उसात पण आहे,
त्याला जाऊन लावतो का टिकली?

सिव्हिलच्या शवागारातला भिका पगारे
शनिवारी टिकलीवाल्या दोन न्यायचा,
सोमवारी परत. झोप छान लागली, म्हणायचा.
मेलेली बिचारी पडून असतात हो.
मला भीती वाटते ती बाहेर बाकावर बसलेल्यांची,
जे हळूच विचारतात, आत गेलं तर चालेल का.
मी वही पुढे केली. सही घेतली.

बोरस्तेबाई श्रमिकनगरातून यायच्या.
नेहमी कौटुंबिक.
सासू सुधारते, धाकटा परत येतो, शेवटी सगळ्यांचा फोटो.
एकदा त्या दुकानात असताना
कंपनीचा भोंगा झाला, पहिली पाळी सुटल्याचा.
बाई वाक्याच्या मध्येच थांबल्या
आणि गेल्या.
सुटे पैसे काउंटरवर तसेच.

त्याच महिन्यात त्यांची एक कॅसेट आली,
रिवाइंड न केलेली. दंड दोन रुपये.
पाठीवर टिकली.
आमची नव्हे. आमच्या लाल, कोऱ्या.
ही मरून, डिंक संपत आलेला,
कडेला पावडर धरलेली,
कपाळावरून काढलेली.

लाव, काका म्हणाले, बघू तरी भूत कुठंय.
थांबली होती तिथून लावली.

नवरा घरी येतो.
चपला काढतो. किल्ली खिळ्याला अडकवतो.
मोरीत पाय धुतो.
वाढ गं, म्हणतो. हसून म्हणतो.
बायको ताट घेऊन येते.
पुढे गाणं.

पाच वेळा मागे घेतलं.
भूत नाही, खून नाही, पाठीमागे चक्क बासरी.
तिसऱ्या वेळेपासून काका गप्प होते.
पाचव्या वेळी त्यांनी आवाज बंद केला.
तेव्हा ताट दिसलं,
आणि ताट धरणारे हात,
त्या नटीने, बहुधा कुणी न सांगता,
अंगापासून जरासे लांब धरलेले.

खरवडू नको ती, काका म्हणाले.
स्टुलावर चढून स्वतः त्यांनी
कॅसेट वरून दुसऱ्या कप्प्यात ठेवली.
वहीतला दंड खोडला.
आम्ही कप्पा बदलला.
एवढंच केलं.
श्रमिकनगर सायकलवर सात मिनिटं होतं.

दुकानात पुढे रिचार्ज आलं, आता मोमो मिळतात.
कॅसेटींना बुरशी लागली, पोत्यात भरून भंगारात घातल्या.
त्या एकीवर टिकली होती की नाही,
मी बघितलं नाही.

माझी पोरगी मैत्रिणीशी फोनवर भांडते,
अगं तो हॉरर नाहीये, त्यात काही येतच नाही.
मी मध्ये बोलत नाही.

पाथर्डी फाट्याला तिसऱ्या मजल्यावर राहतो.
कामावरून येतो, किल्ली कुलपात घालतो,
फिरवण्याआधी थांबतो.
आत दोघींचं हसणं चालू असतं.
किल्लीच्या आवाजाने ते थांबतं का,
रोज ऐकतो.